जहाजं होती, खलाशी नव्हते: आयर्लंडच्या नौदलाचं प्रकरण

२०१९ च्या उन्हाळ्यात आयर्लंडच्या नौदलाने आपल्या नऊ जहाजांपैकी दोन जहाजं कॉर्क बंदरातल्या हॉलबोलिन तळावर बांधून ठेवली. त्यातलं 'एथना' हे ताफ्याचं मुख्य जहाज. दुरुस्तीसाठी आत आलं, ते पुन्हा गस्तीवर गेलंच नाही. दुसरं 'ओर्ला'. दोन्हींच्या बाबतीत कारण एकच होतं: चालवायला पुरेसे प्रशिक्षित लोक नव्हते. उरलेली जहाजं नीट चालवायची तर या दोघांवरची माणसं तिकडे हलवणं भाग होतं. तीन वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, ही दोन्ही जहाजं आणि 'किएरा' हे तिसरं जहाज सेवेतून कायमची काढून टाकण्यात आली.

लढाई नाही, वादळ नाही, दिवाळखोरी नाही, आणि एका श्रीमंत देशाचं नौदल बसत चाललं होतं. हे कसं घडलं, पैसे ओतून ते का सावरलं नाही आणि कामाच्या तासांचा त्याच्याशी काय संबंध, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मी निवडलं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक ओळखीचं नाव भेटेल. २०१७ ते २०२० या काळात आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर होते आणि संरक्षण खातंही कागदोपत्री त्यांच्याकडेच होतं. रोजचा कारभार पॉल केहो हे राज्यमंत्री बघायचे. २०१९ च्या डिसेंबरअखेर वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावी, वडिलांच्या मूळ घरी आले, तेव्हा सिंधुदुर्गात त्यांचं दणक्यात स्वागत झालं. 'एथना' तेव्हा हॉलबोलिनला दोरखंडाला बांधलेली होती. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध काही नाही आणि दुखणंही वराडकरांच्या आधीचं. पण मंत्री म्हणून सही त्यांची होती, हे नोंदवायला हवं.

दुखण्याची सुरुवात २००८ च्या आर्थिक कोसळण्यापासून धरता येते. सरकारी पगार कापले गेले. २०११ पासून भरती होणाऱ्यांना आधीच्यांपेक्षा कमी पगारावर घेतलं जाऊ लागलं. २०१२ मध्ये लष्कराच्या तीन ब्रिगेडच्या दोन झाल्या, काही बराकी बंद पडल्या. १ जानेवारी २०१३ पासून सगळ्या नव्या सरकारी नोकरांना एकच पेन्शन योजना लागू झाली, कारकिर्दीच्या सरासरी पगारावर बेतलेली. सैन्यात टिकून राहण्याचं जे मोठं आमिष होतं, तेच त्यामुळे पातळ झालं. पगार इतके खाली आले की काही सैनिकांची कुटुंबं, कमी उत्पन्नाच्या नोकरदार कुटुंबांना मिळणारं सरकारी अर्थसाहाय्य घेत होती. घरभाडं परवडत नाही म्हणून काही खलाशी तळावरच्या जहाजांवर मुक्काम करतात, हे त्यांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलं होतं.

नौदलाला हा फटका जास्त बसला, कारण समोरच गिऱ्हाईक बसलं होतं. हॉलबोलिन हे बंदरातलं बेट. पलीकडच्या किनाऱ्यावर रिंगास्किडी. तिथे फायझरसारख्या औषध कंपन्यांचे मोठमोठे कारखाने आहेत. जहाजाच्या इंजिनखोलीत दहा वर्षं काढलेला तंत्रज्ञ अशा कारखान्याला हवाच असतो. पगार जास्त, संध्याकाळी घरी, शनिवार-रविवार सुट्टी. शिवाय रिंगास्किडीलाच राष्ट्रीय सागरी महाविद्यालय आहे, जिथे नौदलाचे आणि व्यापारी जहाजांवर जाणारे विद्यार्थी एकाच इमारतीत शिकतात. दुसरीकडे किती मिळतं हे नौदलाच्या पोराला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

आता एका जहाजाचा हिशेब मांडून बघू. 'सॅम्युअल बेकेट' आणि तिच्या जातीच्या नव्या गस्ती जहाजांवर ४४ जणांचा ताफा लागतो. नौदलाची रीत अशी की दोन वर्षं समुद्रावर, मग दोन वर्षं किनाऱ्यावर. म्हणजे एका जहाजामागे ४४ नव्हे, ८८ प्रशिक्षित माणसं हवीत; रजा, आजारपण, प्रशिक्षण, बाळंतपण यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. नौदलाची मंजूर संख्या १,०९४. तीत किनाऱ्यावरची सगळी कामंही आली: मुख्यालय, भांडार, दुरुस्ती, शाळा, फाटकावरचा पहारा. २०२३ पर्यंत प्रत्यक्षातली संख्या आठशेच्याही खाली आली.

अशा वेळी पहिल्यांदा मोडते ती किनाऱ्यावरची दोन वर्षं. कागदावर तो विसाव्याचा, घरच्यांचा काळ. पण तळावरचा पहारा, चोवीस तासांच्या ड्यूट्या, ऐनवेळी कमी पडलेल्या जहाजावर 'एवढी एक गस्त कर' म्हणून जाणं, हे सगळं त्याच लोकांच्या वाट्याला येतं. संख्या कमी होते तशी पाळी लवकर फिरून येते. महिन्यातून दोनदा येणारी ड्यूटी आठवड्याला येऊ लागते. मग ज्याच्या घरी लहान मूल आहे तो राजीनामा देतो, आणि त्याची पाळी उरलेल्यांत वाटली जाते. माणूसही कुठला गेला याला महत्त्व आहे. नवशिक्या खलाशी गेला तर भरती करता येते. इंजिनखोलीतला कारागीर गेला तर त्याच्याजागी तसा माणूस तयार व्हायला वर्षं जातात, आणि त्या एकासाठी अख्खं जहाज अडतं.

खासगी कारखान्यात असं झालं असतं तर मालकाला ओव्हरटाइम भरावा लागला असता, नाहीतर कामगार कायद्याचा निरीक्षक दारात आला असता. इथे दोन्ही नव्हतं. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशानुसार आठवड्याला सरासरी ४८ तासांची कमाल मर्यादा आहे, रोज सलग ११ तास विश्रांती आहे, वर्षाला चार आठवडे पगारी रजा आहे. आयर्लंडने तो निर्देश १९९७ च्या कायद्याने देशात लागू केला, पण कलम ३ मध्ये पोलीस आणि संरक्षण दल सरसकट वगळले. अमुक एक काम वगळलं असं नाही. माणसंच वगळली. समुद्रातला खलाशी वगळला तसाच हॉलबोलिनच्या पगार विभागात टेबलाशी बसणारा कारकून-शिपाईही वगळला.

त्यामुळे तास मोजायची कुणाला गरजच उरली नाही, आणि जे मोजलं जात नाही ते फुकट असतं. खर्चाच्या वहीत तर गंमतच व्हायची. अर्थसंकल्पात वर्षानुवर्षं ९,५०० सैनिकांच्या पगाराची तरतूद असे. प्रत्यक्षात माणसं कमी, म्हणून पैसे उरत. ते इतर खर्चाकडे वळवले जात किंवा तिजोरीत परत जात. ज्या रिकाम्या जागांमुळे उरलेल्यांचा जीव मेटाकुटीला येत होता, त्याच जागा हिशेबात 'बचत' म्हणून दिसत. संघटनांचा सगळ्यात जास्त संताप याच गोष्टीवर होता आणि मला तो रास्त वाटतो.

संघटना म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतील. भारतात राज्यघटनेच्या कलम ३३ ने संसदेला सशस्त्र दलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे आणि लष्कर कायद्याने सैनिकाच्या संघटना-सदस्यत्वावर बंधनं आहेत. सैनिक कल्याण म्हटलं की महाराष्ट्रात डोळ्यांसमोर येतो तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फलक, माजी सैनिक, वीरपत्नी, ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी. सेवेत असलेल्या जवानाने आठवड्यात किती तास काम केलं हा प्रश्न कल्याणाच्या कप्प्यात येतच नाही. आयर्लंडमध्येही १९८० च्या दशकापर्यंत हेच होतं. सैनिकांना बोलायची मुभा नव्हती, म्हणून त्यांच्या बायका बोलल्या. १९८८ मध्ये त्यांनी संघटना काढली, निदर्शनं केली आणि १९८९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारही उभे केले. मतपेटीची भाषा सरकारला लगेच कळते. पगार आणि सेवाशर्ती तपासायला डरमट ग्लीसन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि १९९० च्या दुरुस्ती कायद्याने सैनिकांना प्रातिनिधिक संघटना काढायची परवानगी मिळाली. शिपाई-खलाशांची 'पीडीफोरा' आणि अधिकाऱ्यांची 'राको' या त्यातूनच आल्या. संप करायचा नाही, ही अट राहिली. पुढे तीसेक वर्षांनी पगारांची हलाखी झाली तेव्हा पुन्हा सैनिकांच्या बायका-जोडीदार रस्त्यावर उतरले, हे विशेष.

बोंब वाढल्यावर सरकारने पैसे काढले. जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक सेवा वेतन आयोगाच्या शिफारशींवरून सुमारे एक कोटी युरोंचं पॅकेज आलं: लष्करी सेवा भत्त्यात १० टक्के वाढ, पूर्वी कापलेले काही भत्ते पुन्हा सुरू. २०२० च्या अर्थसंकल्पात समुद्रावर किमान ८० दिवस काढणाऱ्या खलाशाला १,२७० युरोंची करसवलत दिली गेली, पुढे ती १,५०० झाली. जानेवारी २०२१ पासून दोन वर्षं समुद्रावर राहायची हमी देणाऱ्याला १०,००० युरो देणारी योजना आली.

यातली कुठलीही गोष्ट वाईट नाही. ज्याचं भाडं थकलंय त्याला १०,००० युरो म्हणजे फार. पण त्या पैशांनी काय विकत घेतलं ते बघा: समुद्रावरचे आणखी दिवस. हमी योजनेला तीन वर्षांच्या सेवेची अट होती, म्हणजे नुकतं आलेलं आणि सगळ्यात कमी पगाराचं पोर बाहेर. किनाऱ्यावर चोवीस तासांच्या ड्यूट्या करणाराही बाहेर. जाणाऱ्याला दोन वर्षं थांबवता आलं असेल. पण तो जात होता त्या कारणाला कुणी हात लावला नाही. पैशांसाठी आलेला माणूस पैशांनी थांबतो. पोराचा चेहरा दिसत नाही म्हणून निघालेल्याला करसवलत देऊन काय होणार?

त्याच सुमारास धक्का आला तो भलत्याच देशातून. स्लोव्हेनियाच्या सैन्यातल्या एका माजी हवालदार दर्जाच्या सैनिकाने आपल्या संरक्षण मंत्रालयावर दावा लावला होता. फेब्रुवारी २०१४ ते जुलै २०१५ या काळात दर महिन्याला सलग सात दिवस त्याला बराकीत पहाऱ्यावर राहावं लागे. काही वेळ प्रत्यक्ष पहारा, बाकी वेळ वरिष्ठांनी हाक मारली तर हजर. मंत्रालय दिवसाचे आठच तास काम म्हणून धरी. उरलेल्या तासांना मूळ पगाराच्या २० टक्के दराने हजर राहण्याचा भत्ता. सात दिवसांचे १६८ तास. त्यातले ५६ पगारी, बाकीचे ११२. या ११२ तासांचे पैसे जवळपास साडेबावीस तासांच्या पगाराएवढे. त्याचं म्हणणं, मी घरी नव्हतो, बराक सोडू शकत नव्हतो, तर हे सगळं कामच आहे. मला ओव्हरटाइम द्या.

प्रकरण स्लोव्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयातून लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे गेलं आणि १५ जुलै २०२१ रोजी निकाल लागला. निकाल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिळाला, असं म्हणता येईल. सैनिक सरसकट या निर्देशाबाहेर नाहीत, असं न्यायालयाने ठामपणे सांगितलं. प्रशासन, देखभाल, दुरुस्ती, आरोग्य, तसंच सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्यांवर खटले भरण्याशी निगडित कामं गणवेशातला माणूस करतो म्हणून आपोआप वगळता येत नाहीत. मात्र सुरुवातीचं प्रशिक्षण, मोहिमेची तालीम आणि प्रत्यक्ष लष्करी मोहीम बाहेर. पाळ्या लावून करताच येणार नाही इतकं खास काम बाहेर. असाधारण आपत्तीतलं काम बाहेर. आणि जिथे हे नियम पाळल्याने मोहिमेचंच नुकसान होईल तेही बाहेर. पैशांबाबत मात्र न्यायालयाने दावेदाराची निराशा केली: बराकीत नुसतं हजर राहण्याच्या तासांना वेगळा दर द्यायला निर्देश आड येत नाही. म्हणजे तास मोजावे लागतील, विश्रांती द्यावी लागेल. दर किती हा देशाचा प्रश्न.

फ्रान्समध्ये यावर गदारोळ झाला. सैनिक हा कधीही, कुठेही हजर असतो, त्याच्या हातात घड्याळ कसलं देता, असा तिथला सूर. जर्मनीने याउलट वाद न घालता १ जानेवारी २०१६ पासूनच नेहमीच्या कामकाजातल्या सैनिकांसाठी ४१ तासांचा आठवडा लागू केला होता. जर्मन सैन्यातही कुरकुर झाली. माणसं कमी आणि तास बांधलेले, तर जहाज बाहेर कसं न्यायचं, असं तिथले नौसैनिक अधिकारी विचारत. तो प्रश्न खोटा नाही. पण त्यामुळे माणसं कमी आहेत हे लपत नाही. आयर्लंडमध्ये ते वर्षानुवर्षं लपलं.

आयर्लंडची अडचण अशी झाली की त्यांचा कायदा नेमका सरसकट वगळण्याचाच होता. डिसेंबर २०२० मध्ये नेमलेल्या संरक्षण दल आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अहवाल दिला, त्यात ही सरसकट सूट काढून टाका असं स्पष्ट म्हटलं. सोबत नव्या खलाशाला लष्करी सेवा भत्ता पूर्ण द्या, पहिली तीन वर्षं पगारवाढ गोठवायची पद्धत बंद करा, अधिकाऱ्यांना मिळणारी खासगी वैद्यकीय सेवा सगळ्या दर्जांना द्या, असंही सांगितलं. हे शेवटचं मला बोलकं वाटतं. एकाच जहाजावर, एकाच वादळात पाठ दुखावलेल्या दोघांपैकी अधिकाऱ्याला लगेच डॉक्टर आणि खलाशाला सरकारी प्रतीक्षा यादी, ही पद्धत २०२२ मध्येही चालू होती.

दलाची क्षमता कुठवर न्यायची याच्या आयोगाने तीन पातळ्या मांडल्या होत्या. जुलै २०२२ मध्ये सरकारने मधली निवडली: वर्षाचा संरक्षण खर्च सुमारे १.१ अब्ज युरोंवरून २०२८ पर्यंत १.५ अब्जांवर, त्या वेळच्या किमतींत, आणि एकूण दल ११,५०० पर्यंत. भत्त्याची आणि पगारवाढीची शिफारस लवकर अंमलात आली. तासांचं काम रखडलं. कुठलं काम आत, कुठलं बाहेर, याच्या याद्या करत खातं, सेनाधिकारी आणि दोन्ही संघटना बसल्या. दरम्यान गळती चालूच होती. जानेवारी २०२३ मध्ये आणखी दोन जहाजं राखीव ठेवायची घोषणा झाली, 'रोशीन' आणि 'विल्यम बटलर येट्स'. न्यूझीलंडकडून २.६ कोटी युरोंना घेतलेली दोन छोटी गस्ती जहाजं मे २०२३ मध्ये कॉर्कला पोहोचली, आणि त्यांना सेवेत घ्यायला सप्टेंबर २०२४ उजाडला. संपूर्ण संरक्षण दल तोवर साडेसात हजारांच्या आसपास घसरलं होतं. जहाज विकत घ्यायला पैसे लागतात आणि पैसे होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये 'मॅथ्यू' नावाच्या मालवाहू जहाजाचा पाठलाग झाला. विशेष दलाचे सैनिक हेलिकॉप्टरमधून दोरीवरून डेकवर उतरले आणि दोन टनांहून अधिक कोकेन पकडलं गेलं. इशाऱ्याच्या गोळ्या झाडणारं नौदलाचं जहाज होतं 'विल्यम बटलर येट्स', राखीव ठेवायची घोषणा झाली होती तेच. अशा रात्री कुणी घड्याळ बघावं असं कुठलीही संघटना म्हणत नाही, न्यायालयही म्हणत नाही. पण असे दिवस वर्षात किती? आयरिश नौदलाचा रोजचा धंदा वेगळा आहे. रबरी होडीतून मासेमारी नौकेवर जायचं, जाळ्याची भोकं मोजायची, मासळीच्या नोंदी तपासायच्या, आणि परत जहाजावर यायचं. हे काम ते मत्स्य प्राधिकरणाच्या वतीने करतात.

याच युरोपीय निर्देशाचं कलम २१ खास समुद्रातल्या मच्छीमारांसाठी आहे. चोवीस तासांत १४ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि आठवड्यात ७२ पेक्षा जास्त नाही, किंवा किमान विश्रांती चोवीस तासांत १० आणि आठवड्यात ७७ तास. सरासरी ४८ तासांची मर्यादाही त्यांना आहेच. म्हणजे ज्या ट्रॉलरवर नौदलाचा खलाशी तपासणीला चढतो, तिथल्या डेकवरच्या माणसाचे तास कायद्याने बांधलेले, आणि ती सरसकट सूट असेपर्यंत तपासणाऱ्याचे नाहीत. मासेमारीची तपासणी ही प्रत्यक्ष लष्करी मोहीम आहे, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला लक्झेंबर्गच्या निकालातलं सुव्यवस्थेच्या कामांविषयीचं वाक्य दाखवावं लागेल. याद्यांच्या वाटाघाटीत नौदलाची गस्त कुठल्या रकान्यात पडते, यावर हॉलबोलिनमध्ये १,०९४ माणसं पुरतात की दीड हजार लागतात, हे ठरतं. अर्थखात्याला हे आकडे आवडणार नाहीत, कारण फुकटचे तास एकदा का कागदावर आले की त्यांची किंमत द्यावी लागते.